मर्जीचे पंचांग

आमच्या कचेरीच्या आवक-जावक बारनिशीत आजवर नाना प्रकारच्या जिनसांची नोंद झाली आहे. परंतु सहृदयता ही जिन्नस तिच्यात गेल्या वर्षी प्रथमच, आणि तीही दोन दिवसांच्या ठोक मुदतीत, लोणावळ्याच्या एका विश्रामस्थानी न्याहारी व भोजनासह खरेदी होऊन आली. ज्यांच्या कपाळावरील आठ्या मोजून अवघा विभाग गेली अकरा वर्षे आपला श्वासोच्छ्वास बेताबेताने करीत आला होता, ते आमचे साहेब सोमवारी सकाळी भावनिक बुद्धिमत्तेचे धनी होऊन, हाती एक जाड चोपडी घेऊन, कामावर रुजू झाले.

या बुद्धिमत्तेची वंशावळ फार जुनी नाही. १९९० साली सॅलोव्ही आणि मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तिच्यावर शोधनिबंध लिहिला, तेव्हा ती विद्वानांच्या पंक्तीत कोणाच्या अध्यातमध्यात न येता बसून होती. १९९५ साली डॅनिएल गोलमन या मानसशास्त्रात पारंगत अशा वृत्तपत्रीय लेखकाने तिच्यावर ग्रंथ काढला आणि ती बाजारात उतरली. त्याच गोलमनसाहेबांनी २००० साली एका लेखात ३,८७१ अधिकाऱ्यांच्या पाहणीच्या आधाराने नेतृत्वाच्या सहा शैली सांगितल्या: हुकूम सोडणारी, ध्येय दाखविणारी, जिव्हाळा जोडणारी, सर्वांचे मत घेणारी, स्वतः पुढे धावून इतरांस धाप लावणारी आणि शिकवून तयार करणारी. आमच्या पूर्वजांनी रिपू सहा मोजले, या पंडितांनी नायक सहा मोजले. दोन्ही याद्यांत काही मंडळी समाईक असावीत, असा आम्हांस दाट संशय आहे. शिकवून तयार करणारी शैली सर्वांत कमी वापरली जाते, असेही त्या पाहणीत निष्पन्न झाले म्हणतात. एवढ्यासाठी इतके अधिकारी तपासण्याची तसदी व्यर्थ होती. आमच्या कचेरीतल्या कुठल्याही नवशिक्या उमेदवाराने ही माहिती चहाच्या एका पेल्यावर दिली असती.

कुशल नेत्याने या शैली गोल्फ खेळणाऱ्याच्या झोळीतील काठ्यांप्रमाणे प्रसंग पाहून एकेक बाहेर काढाव्यात, असे त्या लेखात सुचविले आहे. उपमा सुंदर आहे. मात्र आमच्या साहेबांनी गोल्फ कधी पाहिलेला नसल्यामुळे, सहा काठ्या मिळाल्या एवढाच अर्थ त्यांच्या चित्तावर ठसला.

त्याच सोमवारी त्यांनी हेडक्लार्कांना आत बोलावून, खुर्चीकडे हात करून, चोपडीत सांगितल्याप्रमाणे त्यांच्या डोळ्यांत तीन पळे पाहून विचारले, "तुम्हाला आज कसं वाटतंय?" एकतीस वर्षांच्या नोकरीत ज्यांस तुंबलेल्या प्रकरणांखेरीज कशाचीही विचारणा झाली नव्हती, त्या गृहस्थांच्या मुखावरील रक्त उतरले, आणि ते उभ्याउभ्याच म्हणाले, "साहेब, बदली कुठं झाली?"

या अनुभवाने न डगमगता साहेबांनी बुधवारी परिपत्रक काढले की, प्रत्येक कर्मचाऱ्याने आपल्या भावना विहित नमुन्यात, दोन प्रतींत, शुक्रवारी सायंकाळी पाचपर्यंत मुक्तपणे सादर कराव्यात, कसूर करणाऱ्याकडून लेखी खुलासा मागविण्यात येईल. भावना मुदतीत आल्या. बहुतेकांच्या 'समाधानकारक' होत्या; आस्थापना शाखेतल्या एका बाईंनी 'निरंक' असा शेरा मारून खाली सही केली होती, आणि आमच्या मते त्या अख्ख्या दप्तरात सत्य असे तेवढेच होते.

येथे एक जुनी हकीकत आठवते. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनी अमेरिकेतील आयोवा येथे दहा-अकरा वर्षांच्या मुलांची मंडळे करून त्यांच्यावर निरनिराळ्या स्वभावाचे प्रमुख नेमले होते. तो वृत्तान्त १९३९ साली प्रसिद्ध झाला. हुकूमशहा प्रमुख खोलीबाहेर गेला की त्याच्या मुलांचे काम थंडावे, उलट सर्वांस विचारून चालणाऱ्याची मुले त्याच्या पश्चातही हातचे काम सोडीत नसत. आमच्या कचेरीने हा सिद्धान्त खोटा ठरविला, कारण साहेब लोणावळ्यास होते त्या दोन दिवसांत सात महिन्यांची थकलेली प्रकरणे निकालात निघाली. मात्र त्या मुलांना काम म्हणून मुखवटे तयार करावयास दिले होते, हे वाचून आम्ही थोडे थबकलो. आमच्याकडे ते घरूनच लावून येण्याचा रिवाज आहे.

परंतु ज्या विद्येसाठी एवढा खर्च मंजूर झाला, ती साहेबांच्या दालनापासून चार हातांवर, एका लाकडी स्टुलावर, गेली बावीस वर्षे बसून आहे, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. दारावरचे शिपाई, ज्यांना सारी कचेरी मामा म्हणते, ते साहेबांच्या मोटारीचे दार कसे लागले यावरून रात्रीचे घरचे वर्तमान ताडतात. जेवणाचा डबा डाव्या हातात आहे की उजव्या, चष्मा नाकावर आहे की कपाळावर, यावरून दिवसाचे पंचांग मांडतात. आणि रजेचा अर्ज घेऊन येणाऱ्या कारकुनास मुहूर्त सांगतात. "आज नको." "चहा होऊ दे." "जा, पण बसू नको." या तीन वाक्यांवर आमच्या कचेरीतली कित्येक लग्ने, बाळंतपणे आणि श्राद्धे वेळेवर पार पडली आहेत. आर्ली हॉकशिल्ड या विदुषीने १९८३ सालच्या आपल्या ग्रंथात विमानातील परिचारिकांच्या हास्याचा विचार करून, ते हास्यही श्रमच आहेत आणि ते पगारासाठी विकले जातात, असे दाखवून दिले. मामांच्या या श्रमांसाठी वेतनश्रेणीत रकाना नाही. गणवेश-धुलाई भत्त्याचा तेवढा आहे. वरच्याचे मन जाणण्याची गरज खालच्यास पोटासाठी पडते, आणि खालच्याचे मन जाणण्याची हौस वरच्यास प्रशिक्षणामुळे होते. तेव्हा कोणाचा अभ्यास अधिक पक्का असणार, हे सांगावयास लोणावळा नको.

चोपडीच्या शेवटी आत्मपरीक्षणाचा तक्ता होता. 'माझ्या मनःस्थितीचा इतरांवर काय परिणाम होतो, हे मला कळते' या विधानापुढे एकपासून दहापर्यंत गुण घालावयाचे होते. साहेबांनी बराच वेळ विचार केला, घंटी वाजविली, आणि मामांना आत घेऊन दार लोटले. आत काय बोलणे झाले ते आम्हांस ऐकू आले नाही; पण मामा बाहेर आले तेव्हा तक्ता भरलेला होता आणि आकडे मामांच्या वळणाचे होते.

पंधरवड्याने मुख्य कचेरीतून प्रमाणपत्र आले: साहेबांची भावनिक बुद्धिमत्ता 'उत्कृष्ट' ठरली होती. ते चौकटीत बसवून दालनात लावण्याचे फर्मान निघाले. मामा हातोडी आणि खिळा घेऊन दारापर्यंत गेले, फटीतून आत पाहिले, आणि हातोडी पुन्हा स्टुलाखाली ठेवून म्हणाले, "दुपारी ठोकतो. आत्ता आवाज चालायचा नाही."