दाबून धरा!

असा एक जण प्रत्येक तालुक्याला असतोच. नवी गाडी घेतो, पेढे वाटतो आणि आठवड्याभरात तिच्यातला आवाज शोधत फिरतो. बीडच्या मोंढ्याजवळ बी-बियाण्यांचं दुकान चालवणारे मालक याच जातकुळीतले. फरक एवढाच की त्यांची गाडी दोन दारांची, लालभडक आणि पोट रस्त्याला टेकेल इतकी बुटकी. स्पोर्ट्स कार.

दुकानात हमालांचा आरडाओरडा, ट्रकचे भोंगे, एकाच वेळी वाजणारे दोन फोन, यातलं काहीच मालकांच्या कानात शिरत नाही. गाडीत मात्र मोहरीएवढं ‘टिक’ झालं की चेहरा उतरतो. “उगं बसा! आलं का ऐकू?” शेजारी बसलेल्या मेहुण्याला काहीही ऐकू आलेलं नसतं. पण घरच्या जावयाचं मन मोडवत नाही, म्हणून तो ‘आलं’ म्हणतो आणि अडकतो.

“मग तिथं दाबून धरा.”

पद्धत तशी शास्त्रशुद्ध आहे. चालत्या गाडीत एकेक भाग दाबायचा, जिथं दाबल्यावर आवाज थांबेल तिथं चोर. पण मालकांनी या पद्धतीचं खातंच उघडलं. त्यांच्या गाडीत बसायला जागा मिळत नाही, नेमणूक मिळते. मेहुण्याकडे डॅशबोर्ड, भाच्याकडे सीटबेल्टचं बक्कल. मुनीमजी नावापुरत्या असलेल्या मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून बसतात, त्यांच्याकडे काचेखालची पट्टी. पाली सोडून घाट चढून मांजरसुंब्याला पोहोचेपर्यंत तिघांचे दंड भरून येतात. उतरल्यावर चहाचा कप धरला की मुनीमजींचा अंगठा बशीवर आपोआप दाबला जातो.

एकदा मालक बायकोला म्हणाले, “बांगड्या काढून ठेव, त्या किणकिणीत काही कळत नाही.” ओसरीवरून मालकांच्या म्हाताऱ्या आईनं ऐकलं. “सवाष्णीला बांगड्या काढ म्हणतो? आग लागो तुझ्या गाडीला!” अखेर तडजोड झाली. मालकीणबाई दोन्ही मनगटांना रुमाल बांधून बसल्या. हात मोकळेच आहेत म्हटल्यावर त्यांनाही दाराचं हँडल दाबून धरायला मिळालं.

मालकांची तक्रार अगदीच हवेतली नाही. स्पोर्ट्स कारच्या स्प्रिंगा ताठ असतात, टायरच्या कडा बुटक्या. रस्त्याचा हादरा वाटेत न जिरता थेट अंगावर येतो. आतला प्लॅस्टिकचा पसारा लहानलहान क्लिपांवर तोललेला. दोन भाग एकमेकांवर आपटले की खडखड, घासले की किरकिर. शिवाय बीडचा उन्हाळा. चाळिशी ओलांडलेल्या पाऱ्यात प्लॅस्टिक फुगतं, पहाटे आकसतं. त्यामुळे सकाळचा आवाज वेगळा, दुपारचा वेगळा. औषध स्वस्त आहे, फेल्टची चिकटपट्टी आणि सिलिकॉन ग्रीस. पण ते लावायचं कुठं, हे कळायला माणसं लागतात.

त्यात रस्ते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद सांगितला आहे. प्रत्यक्षात त्याची उंची गावकऱ्यांच्या संतापावर ठरते. आष्टी-कड्यावरून पुढे गेलं की अहिल्यानगरला संरक्षण खात्याची व्हीआरडीई आहे. तिथं लष्करी वाहनं मुद्दाम खडबडीत केलेल्या मार्गांवर पळवून तपासतात. मालकांना कुणीतरी हे सांगितलं, तर म्हणाले, “तिथं कामून जायचं? आपल्याकडं दारातच फुकट आहे.”

गंमत म्हणजे इंजिनाचा आवाज त्यांना हवाच असतो. त्यासाठीच तर पैसे मोजले. लेक्सस कंपनीनं एलएफए ही गाडी काढली तेव्हा तिच्या इंजिनाचा सूर जुळवायला वाद्यं बनवणाऱ्या यामाहाची मदत घेतली होती. ही कथा मालक दुकानात बियाण्याच्या पिशवीबरोबर देतात. दुसरी कथा रोल्स-रॉइसची. 1958 च्या जाहिरातीत कंपनीनं सांगितलं होतं की ताशी 60 मैलांच्या वेगात गाडीतला सर्वांत मोठा आवाज घड्याळाचा असतो. मालकांचं त्यावरचं मत ठाम आहे. त्या घड्याळावर कुणीतरी बोट दाबून धरायला पाहिजे होतं.

सर्व्हिस सेंटरला गाडी नेली की ती एकदम गप्प. डॉक्टरांच्या दारात दाढदुखी थांबते, तसं. तंत्रज्ञानं रिकाम्या रस्त्यावर फेरी मारली, हसून किल्ली परत दिली. फाटकाबाहेर पडताच ‘टिक’. अखेर मोंढ्यातल्याच एका मेकॅनिकनं डॅशबोर्ड उचकटला. आतून निघाली परळी वैजनाथाला गाडीची पूजा केली तेव्हाची सुपारी. काचेखालच्या फटीतून घरंगळत गेलेली. म्हातारी म्हणाली, देवाची सुपारी आहे, काढायची नाही. मग ती फेल्टमध्ये गुंडाळून पुन्हा आतच ठेवली गेली.

आता खरं तर मालकांची यथेच्छ चेष्टा करून मोकळं व्हावं. पण म्हातारी बोलायला लागली की अडचण होते. हे घर ऊसतोडीचं. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवराबायको मिळून एक कोयता धरला जायचा आणि दसरा-दिवाळीनंतर बिऱ्हाड ट्रकमध्ये. हंडे, पातेली, पत्रे, सरपण आणि त्यावर पोरं. सांगली-कोल्हापूरकडे रात्रभर वाजत जायचं. या पोराला त्या खडखडाटात झोप लागायची नाही, रडून हैराण करायचं. मग ती पातेल्यांच्या मधे लुगड्याच्या चिंध्या कोंबायची आणि ज्या झाकणाला चिंधी पुरायची नाही, ते रात्रभर हातानं दाबून धरायची.

मुनीमजींनी हे ऐकलं आणि तेव्हापासून दंडदुखीची तक्रार बंद केली. मेहुण्याची अजून चालू आहे.

सुपारी सुटली, पण सध्या मागच्या डाव्या चाकाकडून काहीतरी येतंय आणि भाचा शिकायला पुण्याला गेल्यानं एक जागा रिकामी आहे. मांजरसुंब्याच्या चौकात लाल गाडी थांबून आत बसायला बोलावलं तर खुशाल बसा. पैसे घेत नाहीत, चहाही पाजतात. फक्त सोबत पिशवी नको, दोन्ही हात लागतील.