सोमवारी काय उघडं असतं?

मुंबईत स्वतःचं घर असलं की त्यात एक फुकटचं पर्यटन कार्यालय आपोआप उघडतं. शाळांना सुट्ट्या लागल्या की फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, "बघण्यासारखं काय काय आहे गं तिकडे?" आता बघण्यासारखं काय आहे ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गेटवे तर पाच मिनिटांत बघून होतो, उरलेला वेळ फोटोवाल्यांना नको म्हणण्यात जातो. कधी निघायचं, कुठल्या दिशेला जायचं आणि त्या दिवशी वार कुठला, हे मात्र कुणी म्हणजे कुणी विचारत नाही.

आमच्या सोलापूरच्या मामांचंच घ्या. सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री सोलापूरहून निघते आणि पहाटे कल्याण, ठाणे, दादर करत सीएसएमटीला पोचते. आम्ही राहतो मुलुंडला, ठाण्याला अगदी खेटून. मी दरवेळी सांगते, "मामा, ठाण्याला उतरा. तिथून रिक्षा करा की घर." मामांचं म्हणणं असं की तिकीट मुंबईपर्यंतचं काढलंय, मग अलीकडे उतरून रेल्वेला पैसे कशाला सोडायचे? ते शेवटपर्यंत जातात, सीएसएमटीची इमारत मान मोडेस्तोवर बघतात आणि लोकलने उलटे मुलुंडला येतात. १६ एप्रिल १८५३ ला पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून, म्हणजे आताच्या सीएसएमटीच्या जागेवरून, ठाण्याला गेली, ते अंतर ३४ किलोमीटर. मामा त्यातलं जवळजवळ सगळं आंघोळीआधीच उरकतात.

बरं, या उलट्या प्रवासात त्यांना त्रास झाला असता तर बरं झालं असतं. सकाळी सातला सीएसएमटीहून सुटणारी लोकल मोकळी असते, कारण त्या वेळी अख्खी मुंबई दक्षिणेकडे निघालेली असते आणि मामा एकटे उत्तरेकडे. त्यांना खिडकी मिळते, समोरच्या बाकावर पिशव्या मांडायला मिळतात. घरी आल्यावर चपला काढता काढताच निकाल लागतो, "लोकलला गर्दी, लोकलला गर्दी म्हणून उगाच घाबरवता तुम्ही लोक." आणि पाठोपाठ उद्याचा बेत. "लवकर निघू. साडेआठला."

साडेआठला मुलुंडच्या फलाटावर माणूस गाडीत चढत नाही, त्याला चढवलं जातं. सीएसएमटीकडे जायचं तर अकरानंतर निघावं, आणि परत यायचं तर साडेचारच्या आत गाडीत बसलेलं असावं. ते जमणार नसेल, तर मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून नऊ वाजू द्यावेत. मुंबईदर्शनाचं एवढंच शास्त्र आहे. पण मामांना ते आळशीपणाचं वाटतं. मग साडेआठला मामी माझ्याबरोबर लेडीज डब्यात, मामा जनरलमध्ये. उतरल्यावर कुठे भेटायचं हे घरातूनच ठरवून निघावं, कारण गाडी बारा डब्यांची असते आणि फलाटावर उभं राहून हाका मारल्या तर चार-पाच परके मामाच वळून बघतात.

दाराशी उभ्या माणसाला मागून कुणी "दादर?" म्हणालं, तर त्याचा अर्थ "तुम्ही दादरला उतरणार का, नसाल तर बाजूला व्हा" असा असतो. मामांना एकाने असं विचारलं. मामा प्रसन्न होऊन म्हणाले, "नाही हो, सोलापूर." आणि त्याच्या गावाची चौकशी करू लागले. दोघेही दादरला उतरले. मामांना उतरायचं नव्हतं.

मामींचं दुखणं वेगळं. त्यांची चुलतबहीण बोरिवलीला राहते. नकाशावर मुलुंड आणि बोरिवली अगदी गळ्यात गळा घालून बसलेले दिसतात. "हे काय, इथंच तर आहे. चहाला जाऊन येऊ." नकाशावर मध्ये जो हिरवा ठिपका आहे तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, शंभराहून जास्त चौरस किलोमीटरचं जंगल, बिबट्यांसकट. चहा प्यायचा तर त्याला वळसा घालायचा. एक तर घोडबंदर रस्त्याने जा, नाहीतर दादरला गाडी बदला, किंवा घाटकोपरला उतरून मेट्रोने अंधेरी गाठा आणि पुन्हा लोकल पकडा. हे शहर उभं वाढलेलं आहे. उभं जाणं सोपं, आडवं जाताना पदर अडकतो. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो २०२५ च्या ऑक्टोबरात पूर्ण सुरू झाली, छान गार आहे, पण तीही उभीच. मामींनी शेवटी बहिणीला व्हिडिओ कॉल केला. चहा दोघींनी आपापल्या घरी घेतला.

रिक्षेचंही सांगून ठेवायला हवं. मुंबईत रिक्षा मीटरने चालते, यावर बाहेरून आलेल्यांचा विश्वास बसायला वेळ लागतो. पण ती पश्चिमेला वांद्र्याच्या आणि पूर्वेला शीवच्या पुढे जात नाही. तिथून काळी-पिवळी टॅक्सी. चर्चगेटबाहेर "रिक्षा!" म्हणून हात केला की आजूबाजूचे लोक दयाळू नजरेने बघतात.

आता वाराचं. रविवारी मेगाब्लॉक. रुळांच्या दुरुस्तीसाठी साधारण अकरा ते चार गाड्या कमी, उशिरा आणि भलत्याच मार्गाने. म्हणून मामांनी मोठे कार्यक्रम सोमवारवर ढकलले आणि वहीत यादी केली.

"घारापुरी?"

"सोमवारी लेणी बंद."

"मग तुझ्या त्या जंगलातली कान्हेरीची लेणी?"

"सोमवारी उद्यानच बंद."

"तारांगण?"

"सोमवार."

"राणीची बाग तरी?"

"सोमवारी उघडी. तिची सुट्टी बुधवारी." मामांचा चेहरा उजळला. पण तिथले पेंग्विन त्यांनी गेल्या खेपेला पाहिले होते आणि त्यांचं मत वाईट होतं. एसीत राहून ते काही काम करत नाहीत, अशी तक्रार.

मी वस्तुसंग्रहालय सुचवलं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सोमवारीही उघडं असतं, इमारत देखणी आहे आणि बाहेर पडलं की गेटवे चालत गाठता येतो. मामांनी वहीत लिहून घेतलं. हाजीअलीचं नाव त्यांनी काढताच मी म्हटलं, तिथे वार नाही, पण वेळ बघावी लागते, भरतीला दर्ग्याची वाट पाण्याखाली जाते. मामांनी वही मिटली.

मामी इतका वेळ शेंगा सोलत गप्प ऐकत होत्या. आता त्यांनी मान वर केली. "का गं, समुद्र तरी सोमवारी उघडा असतो ना?"

"असतो की, मामी."

"मग तिथंच जाऊ. साडेआठला."