चालतंय ना, मग राहू द्या!

सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटखालची भुयारी रेल्वे वर्षानुवर्षं रोज सकाळी सव्वापाच इंची फ्लॉपी चघळूनच धावायला लागे. १९९८ सालची तिची नियंत्रणप्रणाली वीस-पंचवीस वर्षांच्याच बोलीवर बसवलेली. ‘चालतंय ना, मग हात कशाला लावता?’ हा युक्तिवाद बिनतोड आहे, फक्त तो यंत्रणा बंद पडेपर्यंतच टिकतो. फ्लॉपी हॅक होत नाही म्हणे; पण ती नासायला हॅकर लागतोच कुठे? शिवाय जगाला हसू आलं ते फ्लॉपीचं, खरी मेख गाड्यांशी संवाद साधणाऱ्या, रुळांमधल्या नाजूक लूप केबलची आणि ही जुनी प्रणाली कळणाऱ्या, निवृत्तीला टेकलेल्या जाणकारांची. २०२४ मध्ये २१.२ कोटी डॉलरचं कंत्राट मंजूर झालं. एवढ्या पैशांत नुसता फ्लॉपी ड्राइव्ह नव्हे, अख्खी यंत्रणा बदलायची. तीही टप्प्याटप्प्यानं, कारण तोवर प्रवाशांना घरी बसवता येत नाही.