तडजोडीचा भाव

अर्नाळ्याची कोळीण पापलेट हातात देऊन भाव सांगते. बँकेचा वसुलीवाला फोनवर नुसता आकडा ओरडतो. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, नेमकी तेव्हाच याला भरती येते. आधी ‘व्याजासकट सगळे भरा’, मग ‘निम्मे तरी’, आणि मार्चअखेर आली की ‘दादा, तुम्हीच बोला!’ सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, हा रिझर्व्ह बँकेचा नियम बहुधा त्याच्या घड्याळाला कळवलेला नाही. रिझर्व्ह बँकेच्याच ८ जून २०२३ च्या परिपत्रकाने तर जाणूनबुजून कर्ज बुडवणाऱ्यांनाही तडजोडीची वाट मोकळी ठेवली. शेठने सूट मागितली की तो तोडगा, कोळ्याने मागितली की बुडवेगिरी! तरी मागाच. फक्त बँकेचे लेखी पत्र हाती आल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.