स्टोनी बीचवरील विद्वत्सभा

मॅसॅच्युसेट्‌स प्रांतातील वुड्स होल या चिमुकल्या गावात, जेथे १८८८ साली सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा व १९३० साली समुद्रविज्ञानाची संस्था स्थापन झाली, आणि जेथील संशोधकांनी फ्रेंच सहकाऱ्यांसह १९८५ साली अटलांटिकच्या तळाशी, सुमारे ३,८०० मीटर खोलीवर, ‘टायटॅनिक’ हुडकून काढली, तेथे मोटार उभी करण्यापुरती जागा हुडकणे मात्र अद्याप कोणत्याही शास्त्राच्या आवाक्यात आलेले नाही.

अखेर आम्ही सहकुटुंब, घामाघूम होऊन, स्टोनी बीचवर दाखल झालो. पुळण इवलीशी, नावाला जागून खड्यांची. पाणी उथळ नि निवांत. वाळूतले एक तपकिरी, शेपटीवाले कवच उचलून ‘मेलेला खेकडा!’ असा निवाडा मी जाहीर करताच, नाकावर पांढरे मलम फासलेल्या सहासात वर्षांच्या एका बालिकेने बादली खाली ठेवली, कवचाच्या पुढच्या कडेची चीर बोटाने दाखवली आणि हा खेकडा नसून कोळ्याचा नातलग आहे, शिवाय मेलेला नसून त्याने केवळ कात टाकली आहे, असे सांगून माझा हुकूम साफ रद्दबातल ठरविला. दाद मागावी म्हणून तिच्या तीर्थरूपांकडे पाहिले, तर ते वाळूत उपडे पडून कुणाचा तरी प्रबंध तपासीत होते.

“तरी म्हणत होते,” आमचे कुटुंब म्हणाले, “दिसेल त्याला हात लावू नका.”