न शिकल्याचा दाखला

स्पॅनिश भाषेत एम. ए. करायचं तर सगळ्यात आधी काय लागतं? स्पॅनिश, असं ज्यांना वाटलं त्यांनी आजवर एकही अर्ज स्वतःच्या हाताने भरलेला नाही. सगळ्यात आधी लागतं गॅपचं प्रतिज्ञापत्र. त्यात शपथेवर लिहून द्यायचं असतं की, 'पदवी उत्तीर्ण झाल्यापासून आजतागायत मी कोठेही, कोणत्याही प्रकारचे शिक्षण घेतलेले नाही. सदर मजकूर खोटा आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन.'

आमच्या गल्लीतल्या पोराने परवा देवणीच्या तहसीलसमोर बसून हे लिहून दिलं. त्याच अर्जाला त्याने आणखी एक कागद जोडला आहे. तो स्पेनच्या परीक्षेचा, बी-टू पातळीचा. वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं, चारही भागांत पास. तारीख त्याच गॅपमधली. म्हणजे अर्जाच्या सहाव्या कागदावर पोरगा स्पॅनिश शिकला आहे आणि सातव्या कागदावर तो काहीही शिकलेला नाही. दोन्ही कागद सक्तीचे. एक जरी कमी पडला तरी अर्ज बाद.

पोराचं काय झालं होतं ते सांगायला नको. बी. ए. झाला आणि बाप कमरेतून गेला. पोरगा आडतीवर बसला, पट्ट्या लिहू लागला. काटा थंड असला की कानात वायर घालून मोबाईलवर स्पॅनिश ऐकायचा. हमालांना वाटायचं पोराचं कुठंतरी जुळलंय.

आता टायपिस्ट. तुमच्या तालुक्याला जो आहे तोच, फक्त आमच्याकडे त्याला सगळे मामा म्हणतात.

"कुठं शिकलास रं हे स्पॅनिश?"

"मोबाईलवर, मामा."

"मोबाईल संस्था हाय का? नोंदणी हाय का तिची?"

"न्हाई."

"मग शिकला न्हाईस. काढू प्रिंट?"

शिक्षणाची इतकी नेमकी व्याख्या मी कुठल्याही धोरणाच्या पुस्तिकेत वाचलेली नाही. मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, मामा, हे शपथेवर खोटं होत नाही का? मामाने चष्म्यावरून बघितलं. "ओ सर, मजकूर छापील असतोय. छापील मजकुरात खरं-खोटं नसतंय. नाव तेवढं बरोबर पायजे."

आणि हे पाचशेच्या मुद्रांकावर. ऑक्टोबर 2024 च्या आधी शंभरात भागायचं. विद्यार्थ्यांच्या जात, उत्पन्न, रहिवासाच्या दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क 2004 सालीच माफ झालेलं आहे, पण ही बातमी मुंबईहून निघाली ती अजून वाटेतच असावी. देवणीला गाड्या तशाही कमीच.

मला काळजी वाटते ती पोराची नाही, सर्व्हांतेसची. ज्याच्यावाचून स्पॅनिशच्या एम. ए.ला काही अर्थ नाही, तो हा 'डॉन किहोते'वाला बाबा. त्याने उद्या आपल्याकडे अर्ज करायचा म्हटलं तर? पदवीचा पत्ता नाही, तिथेच पहिली त्रुटी. समजा तिकडे काणाडोळा केला. 1571 साली लेपांतोच्या आरमारी लढाईत डावा हात निकामी झाला, म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र आलं, म्हणजे पोर्टलवर नोंदणी, मग जिल्ह्याच्या दवाखान्यातली तारीख, मग त्या तारखेला डॉक्टर रजेवर. हेही सोडा. 1575 ते 1580 ही पाच वर्षं हा गृहस्थ अल्जीअर्सला चाच्यांच्या कैदेत. पाच वर्षांचा गॅप! मामा विचारणार, कैदेत होतास म्हणजे गुन्हा दाखल हाय का? चाच्यांचं पत्र आण, लेटरहेडवर, जावक क्रमांकासह. 'सदर कालावधीत मी कोणताही गैरप्रकार केला नाही' हे वाक्य तर त्याला लिहिताच येणार नाही, कारण तो चारदा पळून जायला निघाला आणि चारही वेळा सापडला. पुढे सुटून आल्यावर सरकारी नोकरी मिळाली ती आरमारासाठी गावोगाव फिरून गहू नि तेल गोळा करण्याची. तेव्हा आमच्या पोरासारखाच तोही पट्ट्या लिहिणारा. नंतर वसुलीच्या हिशोबात तूट आली आणि 1597 साली सेव्हिलच्या तुरुंगात गेला. झाली चारित्र्य पडताळणी! आणि 'डॉन किहोते'च्या प्रस्तावनेत हा माणूस स्वतःच सांगतो की या पुस्तकाने जन्म घेतला तो तुरुंगात. म्हणजे गॅपमध्ये. म्हणजे प्रतिज्ञापत्रानुसार त्या काळात त्याने काहीही केलेलं नाही. म्हणजे 1605 साली पहिला आणि 1615 साली दुसरा भाग छापून आलेलं हे पुस्तक कायद्याच्या दृष्टीने लिहिलंच गेलेलं नाही. ते न लिहिलेलं पुस्तक वाचून आपल्या पोरांनी एम. ए. व्हायचं, आणि वाचायला बसायचं ते आधी काही न शिकल्याची शपथ घेऊन! कोलंबियाचा मार्केस कायद्याचं शिक्षण अर्धवट सोडून निघाला आणि 1982 साली नोबेल घेऊन बसला. त्याचा अर्ज तर खिडकीवरूनच परत. पात्रता : कोणत्याही शाखेची पदवी. नोबेल ही शाखा यादीत नाही.

आमची देवणी जगाला माहीत आहे ती गाई-बैलांमुळे. वानेरा, बालंक्या, शेवरा, कोणताही घ्या. बाजारात वळू बघायला आलेला माणूस त्याचं तोंड बघतो, दात बघतो, खूर बघतो, वशिंडावर हात फिरवतो, दहा पावलं चालवून बघतो. गेल्या दोन वर्षांत या वळूने दुसऱ्याच्या रानात गवत खाल्लेलं नाही, असं मालकाकडून मुद्रांकावर लिहून घेत नाही. आमच्या पोराने सतरा कागद दिले. रहिवास, उत्पन्न, जात, वैधता, टीसी, मायग्रेशन, आधार, एबीसीचा बारा आकडी नंबर. उत्पन्नाचा दाखला 31 मार्चला मेला होता, तो पुन्हा काढून दिला. स्पेनचं प्रमाणपत्र मात्र आजन्म चालतं म्हणे. कसला बेशिस्त देश. इतकं सगळं झालं, पण त्या खिडकीवर एकाही माणसाने त्याला म्हटलं नाही की बाबा, स्पॅनिशमध्ये एक वाक्य बोलून दाखव. एक! नाव सांग, गाव सांग. नाही. दहा पावलं चालवून बघायला कुणी तयारच नाही.

इथं माझं डोकं फिरतं. भाषा शिकायला संस्था लागते हे कुणी ठरवलं? आमच्या या सीमेवरच्या पट्ट्यात पोरगं घरात मराठी बोलतं, भालकीच्या पाहुण्यांशी कन्नड बोलतं, बाजारात दखनीत भाव करतं आणि शेजारी तांडा असेल तर गोरबोलीत भांडतं. फी नाही, हजेरी नाही, पंच्याहत्तर टक्क्यांची अट नाही. आमच्या आजोबांच्या पिढीला निजामाने शाळा-कचेरी उर्दूत लावली होती. 17 सप्टेंबर 1948 नंतर ती उर्दू आम्ही माळ्यावर टाकली. 2023 साली जुन्या कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा सगळं सरकार उर्दू आणि मोडी वाचणारा माणूस शोधत फिरत होतं. तोवर ते म्हातारे घराघरांतून ओसरीवर बसून होते आणि नातवंडं त्यांना म्हणत होती, आजोबा, तुम्ही कायच शिकला नाहीत. त्यांचाही गॅपच होता ना तो! अख्खा जन्म गॅप! आणि आता नातवंडांची तऱ्हा बघा. लातूरला शिकवणीच्या गल्ल्याच्या गल्ल्या आहेत. तिथं जीवशास्त्राची प्रश्नपत्रिका पोरगं झोपेत सोडवतं, पण 'मला भाषा शिकायचीय' असं ते म्हणालं की घरात सुतक पडतं. मावशी फोन करते, नीटला कमी पडले का रे? काका म्हणतात, त्यापेक्षा डी. फार्मसी तरी कर. भाषेचं माणूस म्हणजे नापासाचं माणूस, हे आपण सगळ्यांनी मिळून ठरवलेलं आहे, त्यात टायपिस्ट मामाला कशाला दोष द्या. मामा निदान प्रिंटचे पैसे घेतो. आपण हे पाप फुकट करतो.

असो. रक्तदाब वाढतो.

पुढची गंमत ऐका. नव्या धोरणात एम. ए. म्हणजे दोन वर्षांत 88 क्रेडिट. त्यातले 4 क्रेडिट प्रत्यक्ष कामाचे. शिकलेल्या विषयाचं काम कुठंतरी जाऊन करायचं, एका क्रेडिटला 30 तास म्हणजे 120 तास, आणि त्याचं पत्र आणायचं. देवणीत स्पॅनिशचं काम कुठं मिळणार, असं वाटून तुम्ही हसला असाल. हसू नका. आपलं सोयाबीन 2024-25 च्या हंगामात 4892 रुपयांचा हमीभाव कागदावर ठेवून बाजारात त्याच्या खाली गेलं. का गेलं? कारणं पुष्कळ, पण त्यातलं एक अर्जेंटिनात बसलेलं आहे. सोयाबीनची पेंड आणि तेल जगाला सगळ्यात जास्त विकणारा देश तो, आणि आपल्या देशात बाहेरून येणारं बरंचसं सोयातेलही तिथलंच. तिकडे पाऊस पडला की इकडे आपल्या तोंडचं पाणी पळतं. हे आमच्या पोराला आडतीवर बसल्या बसल्या कळलं. तो अर्जेंटिनाच्या वर्तमानपत्रांतल्या पिकाच्या बातम्या वाचून आडत्याला सांगायचा, मालक, चार दिस माल दाबून ठेवा. आडत्याने पहिल्यांदा शिवी दिली, दुसऱ्यांदा चहा दिला, तिसऱ्यांदा विचारलं, आज काय म्हणतंय रं तुझं ते अर्जेंटिना? शेतकरी पट्टी घेतल्यावर गादीसमोर रेंगाळायला लागले. एक म्हातारा रोज येऊन विचारायचा, तिकडं ढग आलाव का? बाजार समित्यांनी खरं म्हणजे मापाड्याच्या शेजारी एक स्पॅनिशवाला बसवायला हवा. ओलावा मोजायच्या यंत्रापेक्षा त्याचा उपयोग जास्त, कारण ते यंत्र शेतकऱ्याच्या बाजूने कधीच बोलत नाही.

तेव्हा 120 तासांचं काय, पोराने कैक पट काम केलेलं आहे. पण ते गॅपमध्ये केलं. गॅपमध्ये तो काही करत नव्हता, हे आपण पाचशे रुपये भरून सिद्ध केलेलं आहे. त्यामुळे प्रवेश मिळाल्यावर त्याने पुन्हा त्याच आडतीवर, त्याच गादीवर येऊन तेच करायचं, फक्त या खेपेला आडत्याने शिक्क्यानिशी पत्र द्यायचं. आडत्या म्हणाला, शिक्का हाय की. 'माल परत घेतला जाणार नाही' असा हाय. चालतंय का?

मग एक दिवस पोराच्या मोबाईलवर निरोप आला. अर्जात त्रुटी. 'कागद क्रमांक 6 व 7 यांतील मजकुरात विसंगती आढळते.' मला तर भरून आलं. म्हणजे तिकडे कुणीतरी कागद वाचतं! दोन्ही कागद शेजारी ठेवून बघणारं, विचार करणारं एक माणूस त्या इमारतीत शिल्लक आहे! आता अट रद्द होणार, निदान तो सातवा कागद तरी परत मिळणार, असं मी गल्लीत सांगूनसुद्धा टाकलं. पोराने निरोप खाली सरकवला. खाली उपाय दिला होता. विसंगती दूर करण्यासाठी नवं प्रतिज्ञापत्र जोडावं.

मामाकडे त्याचाही छापील मजकूर तयार होता. आधारवर एक नाव आणि टीसीवर दुसरंच असलेल्यांसाठी वापरतात तो. दोन ठिकाणी खाडाखोड करून मामाने मोठ्याने वाचून दाखवला : 'मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, कागद क्रमांक 6 मधील स्पॅनिश भाषा उत्तीर्ण झालेला इसम आणि कागद क्रमांक 7 मधील काहीही न शिकलेला इसम या दोन भिन्न व्यक्ती नसून एकच आहेत, व तो इसम मीच आहे.'

"घे, कर सही," मामा म्हणाला. "मराठीतच कर हां. तिसरा इसम नको."