आरामात दुबई : नगरकर नवशिक्यांसाठी

दुबईला जाणं आता नवलाचं राहिलेलं नाही. संगमनेर, श्रीरामपूर, राहाता, नगर, कुठेही जा. एखाद्या गाळ्यावर 'सहा दिवस पाच रात्री'चा फलक दिसतोच, आणि त्यावर बुर्ज खलिफाच्या शेजारी एक उंट. जायला काही लागत नाही, पैसे भरले की झालं. आरामात जाणं मात्र शिकावं लागतं. आपल्या जिल्ह्यातला सिद्धटेक धरून आठही विनायक दीड दिवसात उरकल्याचा ज्यांना अभिमान आहे, त्यांनी पुढचा मजकूर दोनदा वाचावा.

कधी जावे

दुबईची हवा नोव्हेंबर ते मार्च छान असते. नेमका हाच काळ आपल्या गैरसोयीचा. कारखाने सुरू झालेले, उसाला तोड कधी मिळेल याचा भरवसा नाही, लाल कांदा बाजारात, त्यात लग्नं आणि हुरडा. म्हणून आपण मे महिन्यात जातो. मे महिन्यात तिथला पारा चाळिशीच्या आसपास असतो. 'आमच्या श्रीगोंद्यात काय कमी ऊन असतं?' हा मुद्दा विमानातून उतरेपर्यंतच टिकतो. श्रीगोंद्याच्या उन्हात घाम वाळतो. दुबईला समुद्र लागून असल्याने तो अंगावरच मुक्काम करतो. शिवाय मिरॅकल गार्डन आणि ग्लोबल व्हिलेज ही पत्रकात ठळक छापलेली ठिकाणं ऐन उन्हाळ्यात बंद असतात.

तेव्हा दिवाळी झाली की तोडीचा नंबर लागायच्या आत जे चार दिवस सापडतात, ते धरावेत. त्या चार दिवसांत दूध कोण काढणार हे आधी भावकीत बसून ठरवावं. हा प्रश्न व्हिसापेक्षा अवघड आहे, आणि त्याला एजंट मिळत नाही.

कागद

पासपोर्ट किमान सहा महिने चालू असावा, हे सगळेच सांगतात. न सांगितली जाणारी गोष्ट वेगळीच. आपल्याकडच्या कित्येक आजीबाईंच्या पासपोर्टवर आडनावाची जागा कोरी असते. नोव्हेंबर २०२२ पासून अमिरातीने असल्या एकनावी पासपोर्टवर पर्यटक व्हिसा द्यायचं थांबवलं. दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालतं, असा खुलासा पुढे आला, पण आपला पासपोर्ट त्यात बसतो का, हे पैसे भरण्याआधी विचारावं. आजींना घरी ठेवून निघालेल्या सहलीत आराम कुणालाच मिळत नाही, कारण व्हिडिओ कॉलवर आजी असतातच.

बॅग

मालकीणबाई बॅग भरत असताना पुरुषमाणसांनी मध्ये पडू नये, हा नियम या एका सहलीपुरता मोडावा. कारण खसखस. अमिरातीत खसखस अमली पदार्थांत धरतात. ती अफूच्या बोंडातली असते, आणि तिथला कायदा अनारसा बघत नाही, दाणा बघतो. म्हणजे अनारसे बाद. डिंकाच्या लाडवात खसखस असेल तर ते बाद. आणि खरा घोटाळा घरच्या काळ्या मसाल्याचा. तो गेल्या उन्हाळ्यात कांडून आणलेला असतो, त्यात काय काय घातलं हे थोरल्या जाऊबाईंनाच ठाऊक असतं, आणि त्यांना फोन करून 'मसाल्यात खसखस होती का?' असं विचारलं की 'का, काय झालं मसाल्याला?' इथून वाद सुरू होतो. सोपा उपाय म्हणजे मसाला नेऊच नये. दुबईत हॉटेलांना तोटा नाही, आणि बुर दुबईतल्या मीना बझारच्या आसपास पोळीभाजीवाचून कुणी उपाशी राहिल्याचं ऐकिवात नाही. शेंगदाण्याची चटणी खुशाल न्यावी, खसखस नसलेली.

खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, तेही तिथे नियंत्रित आहे. गोळ्या-औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्यावीत. तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी घरी ठेवावी. थुंकायला दंड आहे, आणि दर १०० दिरहमांचे दोन हजार रुपयांच्या वर होतात, हा हिशेब तोंडात ऐवज असताना सुचत नाही.

प्रवास

शिर्डीजवळ काकडीला विमानतळ २०१७ साली झालं, तरी दुबईसाठी आपण मुंबईच गाठतो. मुंबई ते दुबई विमानाला तीन तासांच्या आसपास लागतात. नगर ते मुंबई माळशेजवरून किती लागतात, हे घाट आणि कल्याण मिळून ठरवतात. नवशिक्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं की परदेशप्रवासाचा कठीण भाग देशातच उरकतो. तोपर्यंत चिडचिड शिल्लक ठेवू नये.

तिथे पोहोचल्यावर

दुबईचं घड्याळ आपल्या मागे दीड तास आहे. त्यामुळे धारेच्या वेळेला, म्हणजे पहाटे पाचला, उठायची सवय असलेल्या माणसाला तिथे साडेतीनलाच जाग येते. हॉटेलचा नाश्ता सुरू व्हायला तीन तास असतात. दर मुक्कामात पहाटे लॉबीत एक तरी नाना आंघोळ करून, केस विंचरून, हाताची घडी घालून बसलेले आढळतात. रिसेप्शनवरचा मुलगा त्यांना कुठली गाडी हवी म्हणून विचारतो. नाना म्हणतात, "काय नाय, बसलोय."

असं बसू नये. आराम म्हणजे बसणं नव्हे. त्या वेळेला उजाडण्याच्या बेताने चालत खाडीवर जावं. बुर दुबई आणि देरा यांच्यामधून ती खाडी जाते, आणि अब्रा नावाच्या लाकडी होड्या एक दिरहममध्ये पलीकडे सोडतात. मधल्या फळीवर दोन्ही बाजूंनी पाठीला पाठ लावून बसायचं, नाणं नावाड्याच्या हातात द्यायचं, डिझेलचा वास, अंगावर एखादा शिंतोडा, आणि शेजारी कामावर निघालेली माणसं. केरळ, पेशावर, चितगाव. कुणाच्या हातात डबा, कुणाच्या कानाला फोन. पत्रकातल्या कुठल्याही ठिकाणापेक्षा हे शहर कोण चालवतं ते इथे जास्त कळतं. पलीकडे उतरावं, चहा प्यावा, परत यावं. दोन दिरहम झाले. टूरवाला हे सांगणार नाही, त्याला त्यात काही सुटत नाही.

दिवसाला एकच गोष्ट

हा या मार्गदर्शिकेचा गाभा आहे, आणि तो पाळणारा नगरकर अजून भेटायचा आहे. पत्रकात एका दिवशी पाम जुमेरा, मरीना, दुबई मॉल, बुर्ज खलिफा आणि कारंजं असं सगळं असतं. त्यातलं एक ठेवावं, बाकीच्यावर काट मारावी. 'पैसे भरलेत ना?' असा प्रश्न घरातून येईल. भरलेत. लग्नाच्या पंगतीचेही कुणीतरी भरलेले असतात, म्हणून आपण सगळं पातेलं खात नाही.

बुर्ज खलिफा ठेवला तर तिकिटाची वेळ सूर्यास्ताच्या आसपासची घ्यावी. इमारत ८२८ मीटर उंच आहे, ४ जानेवारी २०१० रोजी खुली झाली, आणि १२४व्या मजल्यावर लिफ्ट मिनिटाभरात पोहोचते. कानात दडे बसतात, आवंढा गिळावा. वर गेल्यावर अकोले तालुक्यातल्या माणसांनी थोडा संयम बाळगावा. आपलं कळसूबाई १६४६ मीटर आहे, म्हणजे असे दोन बुर्ज एकावर एक ठेवले तेव्हा कुठे बरोबरी होते, आणि बारीतून वर जायला लिफ्ट नाही, हे सगळं खरं. तरी ते शेजारच्या जर्मन बाईंना सांगू नये. वर गेल्या गेल्या घोडेगावचा कांद्याचा भावही बघू नये. भाव पडलेला असला तर एवढ्या उंचीवरून तो फारच खाली दिसतो.

खालच्या तळ्यात संध्याकाळी कारंजं नाचतं. ते फुकट आहे आणि दर अर्ध्या तासाला होतं, तेव्हा धक्काबुक्की करून पुढे घुसायचं कारण नाही. वाळवंटात तळं करून त्यात हौस उभी केली म्हणून फार दचकूनही जाऊ नये. निजामशाहीत नगरच्या मंडळींनी तेच केलं. बाहेरून खापरी नळाने पाणी आणलं आणि तळ्याच्या मधोमध फराहबागेचा महाल बांधला. आपल्याला तो दाखवायला नेणारं पॅकेज नाही, एवढाच फरक.

शेतकरी माणसाला बुर्जपेक्षा रस्त्याच्या मधला दुभाजक जास्त धरून ठेवतो, हे अनुभवाने सांगतो. खजुरीची रांग, बुडाशी ठिबकची काळी नळी, घडांना जाळीच्या पिशव्या बांधलेल्या. माणूस वाकतो, नळी चिमटीत धरतो, ड्रीपर किती अंतरावर आहे ते बघतो आणि विचारतो, "आवर्तन किती दिवसांनी?" इथे आवर्तन नाही. भंडारदरा नाही, मुळा नाही, जायकवाडीला सोडायचं की नाही ही भांडणं नाहीत. प्यायचं पाणी समुद्राचं खारेपण काढून करतात, झाडांना सांडपाणी शुद्ध करून देतात. आणि १६ एप्रिल २०२४ ला दिवसभरात वर्षाहून जास्त पाऊस पडला, तेव्हा विमानतळाच्या धावपट्टीवर पाणी साचलं होतं. या दुभाजकापाशी ज्याला अर्धा तास घालवायचा असेल त्याला घालवू द्यावा. तोही त्याच्या सहलीचा भाग आहे.

वाळूची गाडी

डेझर्ट सफारी दुपारी असते, म्हणून दुपारी कमी जेवावं. हे वाक्य गंमत म्हणून घेऊ नये. वाळूच्या काठाशी ड्रायव्हर गाडी थांबवतो आणि चारही चाकांतली हवा सोडतो. फुस्स आवाज झाला की 'पंक्चर झालं!' म्हणून उतरू नये. कमी हवेचं चाक वाळूत पसरतं, रुतत नाही. त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं गाडी टेकडीवर चढते, तिरकी होते, पोटातलं वर येतं आणि मागच्या सीटवरून 'देवा खंडोबा' ऐकू येतं. ज्यांना नको त्यांनी तसं आधी सांगावं, ड्रायव्हर सपाटीने छावणीत नेतो. तिथे जमिनीवर गाद्या-तक्के असतात, आपल्याला मांडी घालून बसता येतं, आणि सबंध सहलीत खरा आराम तेवढाच मिळतो.

मेट्रोत मात्र मांडी घालू नये. २००९ पासून बिनड्रायव्हरची धावते म्हणून कुणी बघत नाही असं समजू नये. सीटवर पाय घेतला तर दंड, डब्यात खाल्लं-प्यालं तर दंड, बायकांच्या डब्यात पुरुष सापडला तर दंड. शेंगदाणे खिशात ठेवावेत.

सोनं

देराच्या सोनेबाजारात सुमारे ६४ किलोची अंगठी काचेत ठेवलेली आहे. तिचा फोटो काढावा आणि दुकानाबाहेरच थांबावं. हा सल्ला कुणी ऐकणार नाही, म्हणून पुढचा. सोन्याचा दर लावलेला असतो, घासाघीस मजुरीवर करायची. भारताने जुलै २०२४ मध्ये सोन्यावरचं आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आणल्यावर दोन्हीकडच्या भावातला फरक पूर्वीइतका उरला नाही. आणि दागिना आणण्याची जी करसवलत भाऊजींच्या मित्राने सांगितलेली असते, ती वर्षाहून जास्त परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे, सहा दिवसांच्या पाहुण्यांसाठी नाही. विमानतळावर हिरवा मार्ग की लाल, हे तिथे पोहोचून ठरवण्यापेक्षा बिल वरच ठेवावं.

परत आल्यावर

खजूर कमी पडतो. कितीही आणला तरी पडतो. वस्तीवरची घरं, दूध काढणारी भावकी, डेअरीचा मापाडी, सोसायटीचे सचिव अशी यादी जाण्याआधीच करावी, आणि मापाड्याला मोठी पेटी द्यावी.

'किती खर्च आला?' हे सगळेच विचारतील. पाहुण्यांना पॅकेजचा आकडा सांगावा, सासुरवाडीला विमान धरून, बँकेच्या वसुली अधिकाऱ्याला 'मुलाने नेलं होतं' असं. सोन्याबद्दल कुणीच विचारलेलं नसतं, तेव्हा आपण होऊन काढू नये. मालकीणबाईंनी आल्या दिवशीच काढलेलं असतं.